टायर तुझं की माझं?

परतीच्या तपासणीचा कागद चार पानांचा होता. बंपरवरचा ओरखडा, मागच्या सीटवरचा डाग, दुसरी किल्ली नाही, अशा फुटकळ बाबी वर, आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘चार टायर, झीज मान्य मर्यादेबाहेर, प्रत्येकी 6,400 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी.’ बेरीज 30,208. भाचीनं तो कागद मामांपुढं टाकला. “बघा मामा. चार वर्षं इमानदारीनं भाडं भरलं, आणि निरोपाला हे.”

मामा तिचे सख्खे, पण हिमायतनगरच्या पेठेत सगळेच त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचे ट्रॅक्टर भाड्यानं जातात. पेरणी-मळणीला तासावर, ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाकडं सीझनवर. भाची पुण्यात नोकरीला. गावच्या परमेश्वराच्या यात्रेसाठी, महाशिवरात्रीला, तीच गाडी घेऊन आली होती. आठ दिवसांनी ती परत द्यायची होती. म्हणजे गाडी भाड्यानं देणारा आणि गाडी भाड्यानं घेणारी, दोघंही एकाच ओसरीवर. मी चहा प्यायला गेलो होतो, पंचाईत करायला नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडं गाडी एक तर विकत घेतात, नाहीतर ड्रायव्हरसकट भाड्यानं सांगतात. पुण्या-हैदराबादकडच्या नोकरदारांत तिसरी तऱ्हा आता रुळली आहे, ती लीजची. गाडी लीजिंग कंपनीच्या मालकीची, करार तिचा आणि नोकरी देणाऱ्या कंपनीचा, भाडं कर्मचाऱ्याच्या पगारातून. करात काही सवलत पदरात पडते, म्हणून लोक घेतात. मुदत संपली की गाडी परत करायची, किंवा करारात सोय असेल तर विकत घ्यायची. घेताना सगळे हप्ता विचारतात. परतीचं पान कुणी वाचत नाही.

मामांनी चष्मा चढवला, कागद वाचला आणि सरळ निकाल दिला. “द्यावं लागंल. वस्तू जशी नेली तशी आणून द्यायची, ही रीत आहे.”

“जशी नेली तशी कशी देता येईल मामा? टायर झिजण्यासाठीच असतं. मग मी दर महिन्याला भाडं कशाचं देत होते? गाडी दारात उभी करून पूजा करायचं?”

“भाडं गाडीचं.”

“टायर गाडीत येत नाही?”

“येतंय की. पण डिझेल पण गाडीतच जातंय, ते कुणी भरलं?”

ही पहिली फेरी मामांची झाली असं मला वाटलं. भाची मात्र तयारीनं आली होती. तिनं फोनवर कराराची प्रत उघडली. “हे बघा. वर्षाला 15,000 किलोमीटरची मर्यादा. चार वर्षांचे 60,000. त्यावर गेलं तर किलोमीटरमागं जादा पैसे. मी 48,000 वर आहे. मला साठ हजार चालवायची मुभा द्यायची, त्या हिशेबानं भाडं लावायचं, आणि अठ्ठेचाळीस हजारांवर म्हणायचं की टायर का झिजले? साठ हजार किलोमीटर टायर न झिजवता कसं चालवायचं, ते त्यांनी तरी दाखवावं.”

मामा जरा थांबले. मग म्हणाले, “साठ हजारांत एक जोड टायर बदलावं लागतंय, हे तुला ठाऊक होतं का नव्हतं?”

“होतं.”

“मग बदललं का नाहीस? परत द्यायचीच आहे, आता कशाला खर्च करायलीस, असं वाटलं असंल. व्हय का नाही?”

ती हसली. उत्तर दिलं नाही. लीजच्या गाडीचं खरं दुखणं इथंच आहे. स्वतःची गाडी असती तर चाळीस-पंचेचाळीस हजारांवर तिनं टायर घातले असते आणि कुरकुरही केली नसती. शेवटच्या वर्षात लीजवर गाडी घेतलेल्याचा नव्या टायरवर खर्च करायला जीव होत नाही, कारण त्या टायरची उरलेली नक्षी पुढचा कुणीतरी वापरणार असतो. मालकाला हे माहीत असतं, म्हणून तो परतीच्या पानावर कलम घालून ठेवतो. ते कलम असावं, यावर माझं दुमत नाही. ते कसं लिहिलंय, भांडण तिथून सुरू होतं.

मामांचा अनुभव वेगळ्या रस्त्याचा. “ट्रॅक्टरचं मागचं टायर काळ्या रानात नाही झिजत. डांबरीवर झिजतंय. ऊस भरून दोन ट्रॉल्या मागं, रोज कारखान्याची खेप, सीझन संपेपर्यंत नक्षी निम्मी. आधी मी काही बोलत नव्हतो. मग एका साली ट्रॅक्टर परत आला तर एक टायर गोटा. मुकादम म्हणाला, असंच होतं. मी म्हणलं, थांब. देताना मी टायरवरचा आकडा वहीत लिहून ठेवला होता.”

हा आकडा प्रत्येक टायरवर असतो आणि फार थोड्यांना वाचता येतो. टायरच्या बाजूवर, लांबलचक इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या टोकाला, एका लंबगोलात चार अंक. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. मामांच्या वहीत 3122 होतं, म्हणजे 2022 सालचा एकतिसावा आठवडा. परत आलेल्या टायरवर 1417. टायर झिजलं नव्हतं, बदलून आलं होतं.

“मग काय केलं?” भाचीनं विचारलं.

“काय करणार? त्याची उचल फिटायची होती, त्यातून वळते केले. पण तेव्हापासून मी ट्रॅक्टर दोन बोलीवर देतो. ‘टायर माझं’ म्हणलं की भाडं जास्त, मग झीज झाली तर मी बोलणार नाही. ‘टायर तुझं’ म्हणलं की भाडं कमी, मग सीझनच्या शेवटी मोजून घेणार. आधी तोंडावर सांगतो, दोन माणसांसमोर.”

“बास!” भाची जवळजवळ ओरडलीच. “हेच तर मी म्हणतेय. माझ्या भाड्यात टायर कुणाचं होतं, ते मला कुणीच सांगितलं नाही. आणि भाडं ‘टायर माझं’चं घेतलंय, हिशेब ‘टायर तुझं’चा लावलाय.”

लीजिंगच्या धंद्यात या दोन्ही बोली खरोखरच असतात. काही करारांत देखभाल, विमा, टायर सगळं भाड्यात धरलेलं असतं; अमुक किलोमीटरला अमुक टायर मालकाकडून. काहींत फक्त गाडी. भाडं ठरतं ते साधारण असं: आजची किंमत उणे मुदतीच्या शेवटी गाडी कितीला विकली जाईल याचा अंदाज, त्यावर व्याज, वर कंपनीची मिळकत. चार वर्षं चाललेल्या गाडीच्या विक्रीचा अंदाज बांधताना तिचे टायर चार वर्षं चाललेलेच धरलेले असणार. तसं असेल तर झीज भाड्यात एकदा वसूल झाली. मग परतीला पुन्हा कशी?

हा मुद्दा मी मांडला, तेव्हा मामांनी मलाच धरलं. “गुरुजी, तुम्ही नांदेडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलात का कधी? गिऱ्हाईक इंजिन नंतर बघतंय, आधी टायरला लाथ हाणतंय. टायर गोटा दिसलं की वीस हजार कमी करा म्हणतंय, टायर पंचवीसशेचं असो का सहा हजारांचं. मालकानं अंदाज चांगल्या टायरवर धरला असंल. तुम्हाला काय माहीत?”

खरं आहे, मला माहीत नाही. भाचीलाही नव्हतं. करारात त्याबद्दल अक्षर नव्हतं. जे होतं ते एवढंच: ‘टायर वापरण्यायोग्य व सुस्थितीत असावेत.’

“सुस्थिती म्हणजे किती मिलिमीटर?” मी विचारलं.

“तेच तर लिहिलं नाही.”

मामा उठले. “चला, बघू तरी.”

नाक्यावरच्या टायरवाल्याकडून खोली मोजायची पट्टी मागवली. पट्टीचा पातळ दांडा नक्षीच्या खाचेत रुतवायचा, वरची कड टायरला टेकवायची, आकडा वाचायचा. नव्या कारच्या टायरला ही खोली साधारण 8 मिलिमीटर असते. मागच्या दोन्ही टायरना 3.5 भरली. मामांनी अंगठ्यानं खाच चाचपली, मान हलवली. “ही चालतील अजून पावसाळाभर.”

पुढच्या चाकांशी ते उकिडवे बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटानं दाखवलं. बाजूवर बारीक त्रिकोणाची खूण आणि ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं. त्याच रेषेत वर, खाचेच्या तळाशी, रबराचा एक आडवा उंचवटा असतो. तो 1.6 मिलिमीटरचा. नक्षी झिजून त्या उंचवट्याशी बरोबरीला आली की टायर संपलं. आपल्या मोटार वाहन नियमांतही कारसाठी किमान खोली 1.6 मिलिमीटरच आहे. पुढच्या टायरना मधल्या खाचेत 2 मिलिमीटर होते. बाहेरच्या कडेला मात्र रबर उंचवट्याशी सपाट झालं होतं.

“हे बघ. आतली कड शाबूत, बाहेरची खाल्ली. दोन्ही कडा गेल्या असत्या तर म्हणलं असतं हवा कमी होती. मधलं गेलं असतं तर हवा जास्त. फक्त बाहेरची गेली म्हणजे अलाइनमेंट. कधी केलंस?”

“सर्व्हिसिंगला करतात ना?”

“सांगितलं तर करतात.”

भाची एका क्षणात सावरली. “मामा, अलाइनमेंट गेलं कुठं, ते विचारा. पुण्याहून टेंभुर्णी-बार्शी-लातूर-नांदेड येईपर्यंत गाडीला काही होत नाही. पुढं भोकरच्या बाजूला आलं की चाकं आपटायला लागतात. रस्ता सरकारचा, खड्डा सरकारचा, आणि टायर माझं?”

“रस्ता तुला माहीत होता. गाडीला नव्हता.”

उत्तर झणझणीत होतं, पण पुरेसं नव्हतं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा टाकते, तिच्यावरचा डांबराचा थर दोन वर्षांत लाटा धरतो. वरून एप्रिल-मेचं चाळीसच्या पुढचं ऊन. सिमेंटच्या महामार्गावर वेगात धावलेलं तापलेलं टायर तर आणखी लवकर खपतं. समृद्धी महामार्गावर 2023 मध्ये परिवहन विभागाला गाड्यांचे टायर तपासायची मोहीम घ्यावी लागली, घासलेल्या टायरच्या गाड्या अडवाव्या लागल्या, ती उगाच नाही. म्हणजे ‘नेहमीची झीज’ पुण्याच्या कॅम्पात एक असते आणि हिमायतनगर-किनवटच्या रस्त्यावर दुसरी. करार छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढं पहिलीच असते. पण एका बाजूचीच कड खाल्लेलं टायर हे रस्त्याचं नव्हे, दुर्लक्षाचं लक्षण, हे मामांचं म्हणणं मला पटलं. खड्डा आदळला हा नशिबाचा भाग. त्यानंतर हजारो किलोमीटर गाडी तशीच पळवली, तो भाचीचा.

आता उरली रक्कम. इथं भाचीनं वही मागून हिशेब मांडला. नवं टायर 8 मिलिमीटरचं, कायद्यानं 1.6 वर संपतं. म्हणजे वापरायचं रबर 6.4 मिलिमीटर. किंमत 6,400. मिलिमीटरमागं हजार रुपये, आकडे आपोआपच सोयीचे आले. “समजा मालकाची मर्यादा 3 मिलिमीटरची धरली. मागची दोन 3.5, म्हणजे देणं शून्य. पुढची दोन 2, म्हणजे एकेक मिलिमीटर कमी. दोन हजार. जीएसटी धरून 2,360. तीस हजार कुठून आले?”

“बाजारात एक मिलिमीटर टायर मिळतंय का?” मामांचा प्रश्न. “मला घालायचं म्हणलं तर पुरं टायरच आणावं लागंल. दुकानदार म्हणंल का, घ्या मामा, हजाराचं रबर तेवढं चिकटवून देतो?”

“पण पुरं टायर घातलं की उरलेली नक्षी कुणाची? तुमची. ती तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला विकणार. माझ्या पैशानं तुमचा माल नवा. अपघातात विमेवाले सुद्धा टायरची अर्धीच किंमत धरतात, रबर-प्लास्टिकवर पन्नास टक्के घसारा कापतात. तिथं तुम्ही भांडत नाही.”

“विमेवाल्याशी भांडून कुणाचं भलं झालंय?”

हे मामांनी चेष्टेत नेलं, कारण उत्तर नव्हतं. कायदाही या जागी भाचीच्या बाजूला झुकतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट देणार ती वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1963 मध्ये हे तत्त्व पक्कं केलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र व्याख्याच दिली. झालेल्या नुकसानाच्या मानानं अगदीच अवाच्या सवा दंड लावणं त्यात मोडतं. अशी तक्रार जिल्हा आयोगाकडं चालत नाही, राज्य आयोगाकडं न्यावी लागते.

“ने की मग,” मामा म्हणाले.

“कशी नेणार? करारावर सही माझी नाही, माझ्या कंपनीची. लीजवाले बिल कंपनीला पाठवणार, कंपनी माझ्या पगारातून कापणार. आणि धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून कंपनीला ग्राहक म्हणतील का, हाही वादच.”

“म्हणजे पैसे तुझे, सही दुसऱ्याची.” मामांनी पहिल्यांदा तिच्याकडं कणवेनं पाहिलं. “आमचा मुकादम तरी बरा. अंगठा लावतो, पण स्वतःचा लावतो.”

भाचीचा भाऊ अमेरिकेत आहे. तिथं आपली पुष्कळ मंडळी गाडी लीजवरच घेतात. त्याला तिनं आदल्या रात्री विचारलं होतं. तिथल्या करारांत बहुतेक ठिकाणी आकडा छापलेला असतो, एक अष्टमांश इंच, म्हणजे 3 मिलिमीटरच्या किंचित वर. 1976 च्या तिथल्या ग्राहक लीज कायद्याखाली झिजेचे निकष वाजवी असावेत असं बंधन आहे. परतीच्या आधी तपासणी मागता येते, आणि लोक सरळ बाहेरून त्याच मापाचे टायर घालून गाडी देतात, कारण ते स्वस्त पडतं. ब्रिटनमध्ये भाड्याच्या गाड्यांच्या धंद्याची संघटना ‘वाजवी झीज’ कशाला म्हणायचं याची पुस्तिकाच काढते. तिच्यात टायरची मर्यादा कायद्याचीच, 1.6 मिलिमीटर. दोन देश, दोन आकडे. पण दोन्हीकडं आकडा आहे.

मला अमेरिकेचा आकडा जास्त बरा वाटतो, आणि हे भाचीच्या विरुद्ध जातं. 1.6 ही कायद्याची शेवटची पायरी. पावसात पाणी कापायची ताकद त्याच्या कितीतरी आधी उतरलेली असते. 3 मिलिमीटरला टायर बदलायला लावणारा मालक स्वतःच्या फायद्यासाठी का होईना, गाडीत बसणाऱ्याचं भलं करतो. भाची ते पुढचे टायर घेऊन पुण्याहून रात्रीचा प्रवास करून आली, याचा मला तीस हजारांपेक्षा जास्त राग आला होता. तसं मी बोललोही. तिच्या आईनं आतून दुजोरा दिला.

चहा दुसऱ्यांदा आला तोवर मामांचा पहिला निकाल बराच खाली उतरला होता. “मागच्या दोनचा एक रुपया देऊ नको. ते टायर चांगलं आहे, कुणाच्याही बापाला दाखवू. पुढच्या दोनचे पैसे दे, तक्रार करू नको, तुझी चूक आहे. पण त्यांना आधी विचार, मोजून किती भरलं ते चारी टायरचं लिहून द्या. कागदावर मापच नाही. न मोजता झीज कळली कशी?”

“आणि पुढच्या दोनचे पुरे द्यायचे?”

“तू बाहेरून घाल की. जीएसटी अठ्ठावीसचा अठरा झालाय सप्टेंबर 2025 पासून, आमच्या ट्रॅक्टरच्या टायरला तर पाचच टक्के. त्याच कंपनीचं, त्याच मापाचं, पावती घे, टायरवरचा आठवडा-साल पावतीवर लिहून घे, आणि मग गाडी दे.”

भाचीनं तेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी नांदेडला दोन टायर घातले, अलाइनमेंट केलं, जुनी दोन टायर मामांनी बैलगाडीला होतील म्हणून ठेवून घेतली. पुण्याला गेल्यावर तिनं कंपनीच्या माणसामार्फत लेखी मागणी केली: चारही टायरची मोजलेली खोली द्या, करारातल्या ‘सुस्थिती’चा आकडा द्या, आणि मागच्या दोन टायरची आकारणी कशाच्या आधारे केली ते सांगा.

मिलिमीटरप्रमाणे आकारणी व्हावी की पुऱ्या टायरची, यावर त्या दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. माझं मत विचाराल तर टायर मर्यादेखाली गेलं असेल पण नीट, सारखं झिजलं असेल, तर मिलिमीटरप्रमाणे. कड खाऊन, फुगा येऊन किंवा तार निघून वाया गेलं असेल, तर पुरं. मामांच्या दोन बोलींइतकी साफ गोष्ट मात्र मी कुठल्याच छापील करारात अजून पाहिलेली नाही.

तुमच्याकडं लीजची किंवा महिन्याच्या भाड्याची गाडी असेल, तर करारातलं टायरचं कलम आजच काढून वाचा. ‘सुस्थिती’ लिहिलं असेल तर किती मिलिमीटर ते ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशी पाचही टायरचे फोटो काढा, स्टेपनी धरून. खोली मोजायची पट्टी कुठल्याही टायरवाल्याकडं असते, आणि मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत.